शेत म्हणजे शेत

निवृत्त शिक्षकांच्या चहाच्या टेबलावर आमच्या शाळेतला एक किस्सा अजून सांगितला जातो. एका सरांना म्हणे शुद्धलेखनाची इतकी सवय, की त्यांनी बोलीभाषेचा अख्खा शब्दसंग्रहच शुद्ध करून टाकला. सांगणारा हसतो, ऐकणारे हसतात, आणि मी तिथं असलो तर माझ्या पाठीवर थाप पडते. ते सर म्हणजे मी. किस्सा खरा आहे, त्यातली सवय तेवढी खोटी आहे. मी ते समजून-उमजून केलं, आणि मत्सरापोटी केलं. जिचं नुकसान झालं तिला हे मागच्या महिन्यात सांगून आलो. आता ज्यांनी ज्यांनी हा किस्सा ऐकला असेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

आमची शाळा नांदेड शहर जिथं संपत येतं तिथं होती. जिल्हा परिषदेची, पहिली ते आठवी. मी गेलो तेव्हा चहूबाजूंनी ज्वारी होती. निवृत्त झालो तेव्हा एका बाजूला प्लॉट पडले होते, दुसऱ्या बाजूला पाच-पाच मजल्यांची बांधकामं, आणि मधेच एखाद्या हट्टी माणसाचं सोयाबीन. मुलं या बांधकामांबरोबर आली. मुखेडकडची, कंधारकडची, देगलूरच्या पलीकडची. कुणाचे वडील वॉचमन, कुणाचे गवंडी, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करणारी. एका बाकावर तीन तऱ्हेची मराठी बसायची, शेजारी थोडी दखनी, थोडी तेलुगू. मी वरच्या वर्गांना मराठी शिकवायचो आणि माझं काम काय आहे याबद्दल मला कधीच शंका नव्हती. या सगळ्या तऱ्हा पुसायच्या आणि पुस्तकातली एक मराठी त्यांच्या तोंडात बसवायची.

मला निवृत्तीला तीन वर्षं उरली होती तेव्हा त्या मॅडम आमच्या शाळेत आल्या. तिशीच्या असतील. माहेर मुखेड तालुक्यातल्या खेड्यातलं. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डबा उघडला आणि सगळ्यांकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही जेवून राहिलात का? मग मीबी बसते."

मी मान खाली घालून पोळी मोडत राहिलो. शिक्षिका 'जेवताय'ऐवजी 'जेवून राहिलात' म्हणते याची मला लाज वाटली, त्यांना वाटत नव्हती म्हणून. मी स्वतः कंधार तालुक्यातला. मी लातूरला डी.एड. करायला गेलो तेव्हा एका सरांनी मला वर्गात उभं करून "काय करून राहिलास?" असं विचारलं होतं, आणि मी भाबडेपणानं "अभ्यास करून राहिलो" म्हणालो होतो. पुढं दोन वर्षं वर्गात माझं नाव तेच होतं. त्या दोन वर्षांत मी रेडिओवरच्या बातम्या ऐकून, आरशासमोर बोलून जीभ बदलली. गावाकडं गेलो की बहीण म्हणायची, "हा कोण पाव्हणा आलाय?" मी तेवढी किंमत देऊन जे मिळवलं होतं ते या बाईंना नकोच होतं, आणि त्यांचं काही अडतही नव्हतं.

सकाळचा परिपाठ बावीस वर्षं माझ्याकडं होता. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, वर्तमानपत्रातल्या बातम्या. बातम्या वाचायला मी स्वच्छ वाणीची मुलं निवडायचो. बाकीची उन्हात उभी राहून पाय बदलायची. मॅडमनी मुख्याध्यापकांना विचारून त्यात एक भर घातली. रोज एका मुलानं आपल्या गल्लीची बातमी सांगायची, घरात बोलतो तशीच.

पहिल्या दिवशी सहावीतला एक पोरगा पुढं आला. हात मागं बांधून म्हणाला, "आमच्या गल्लीत काल नळ आल्ता. पण माय कामाला गेल्ती आन् मी झोपल्तो. म्हणून आम्हाला पाणी घावलं न्हाई. मग मायनं मला लई हाणलं."

सगळी शाळा हसली. चेष्टेनं नाही हसली. सगळ्यांच्याच घरी तेच झालेलं होतं. खिचडी शिजवणाऱ्या मावशी हातात डाव घेऊन बाहेर आल्या आणि तिथूनच ओरडल्या, "मग? झोपावं का नळाच्या टायमाला?" पुन्हा हशा. मावशी आमच्याकडं अकरा वर्षं होत्या. माझा सुविचार ऐकायला त्या कधी चुलीपासून उठल्या नव्हत्या.

मी पुढं होऊन त्या पोराला म्हणालो, "'आल्ता' नाही. नळाला पाणी आलं होतं. पुन्हा म्हण."

पोरगा मॅडमकडं बघायला लागला. मॅडम माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाल्या, "सर, त्याची बातमी संपू द्या ना. मग सांगू आपण."

आवाजात काही कमी-जास्त नव्हतं. तरी मला ते दिवसभर पुरलं.

त्यानंतर माझं लक्ष नको त्या गोष्टींकडं जायला लागलं. त्यांची स्कूटी फाटकात आली की मुली धावायच्या. कोण डब्याची पिशवी घेणार यावर भांडणं व्हायची. माझी पिशवी मी कधी कुणाला दिली नव्हती, कारण मुलांकडून कामं करून घ्यायची नाहीत असं माझं तत्त्व होतं. पण आता माझ्या ध्यानात आलं की कुणी मागितलीही नव्हती. शिक्षकदिनाला सहावीतल्या एका मुलीनं सगळ्या शिक्षकांना गुलाब आणले. माझा गुलाब मॅडमच्या गुलाबापेक्षा लहान होता. साठीला टेकलेल्या माणसाला हे दिसलं, आणि अजूनही आठवतं. वर्गात मी कविता शिकवत असलो आणि शेजारच्या वर्गातून हशा आला की माझी मुलं भिंतीकडं बघायची. उठायची मोकळीक असती तर भिंतीला कान लावायला गेली असती. मी फळ्यावर खडू जोरानं आपटायचो.

घरी बायकोजवळ बोललो तर ती म्हणाली, "अहो, चांगलीच आहे की ती. तुम्हाला काय होतंय?"

काय होतंय ते मला सांगता येत नव्हतं. 'त्या मुलांच्या भाषेचं नुकसान करतायत' असं मी म्हणायचो. मुख्याध्यापकांनाही मी तेच दोन वेळा सांगितलं, काळजीच्या सुरात.

दुसऱ्या वर्षी मॅडमनी शब्द गोळा करायचा उपक्रम घेतला. सातवीची एकवीस मुलं दर शनिवारी घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडं जायची आणि त्यांच्या तोंडचे शब्द चिठ्ठीवर लिहून आणायची. डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला अर्थ, खाली सांगणाऱ्याचं नाव. वावर म्हणजे शेत. इस्तू म्हणजे विस्तव. आवंदा म्हणजे यंदा. बिगीनं म्हणजे लवकर. चिठ्ठ्यांनी दोन खोकी भरली. मुलं भांडायची, "हा शब्द माझ्या आजीनं आधी सांगितलाय." भाषेवरून भांडणारी मुलं मी नोकरीभर पाहिली नव्हती.

एका शनिवारी त्या माझ्या घरी आल्या. बरोबर गुलाब देणारी ती मुलगी, आता सातवीतली, हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा. मला आधी विचारलं होतं आणि मला नाही म्हणता आलं नव्हतं. माझी आई तेव्हा ऐंशीच्या पुढं होती. वडील गेल्यावर आमच्याकडंच असायची. खिडकीपाशी बसून असायची, विचारलं तर उत्तर द्यायची. मला वाटायचं, वयामुळं बोलणं कमी झालंय.

"ये माय, बस," आई मॅडमना म्हणाली. "कोणत्या गावची तू?"

मॅडमनी गाव सांगितलं.

"आगं, तिथं तर आमच्या नणंदंला दिल्तं! तुमच्या तिथल्या वढ्याला पाणी ऱ्हातंय का आता?"

"कुठलं हो आज्जी. आवंदा तर मार्चातच आटला."

तिथून पुढं दीड तास आई बोलत होती. मी आतल्या खोलीत वह्या तपासायचं सोंग घेऊन बसलो होतो. पेरणीचं बोलली, मोटेचं बोलली, बाळंतपणाचं बोलली. जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवल्या. ती मुलगी लिहून लिहून थकली, हात झटकायला लागली तेव्हा आई म्हणाली, "दमलीस व्हय गं? लिव्ह लिव्ह, मी काय पळून चाल्ले न्हाई." तिघी हसल्या. माझ्या घरात इतकं हसणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

मॅडमनी विचारलं, "आज्जी, एवढं सगळं तुम्ही सरांना नाही का सांगत?"

आई म्हणाली, "त्याला काय सांगू? त्यो बोलूच देत न्हाई मला. तोंड उघडलं की चूक काढतो. मास्तर हाय न्हवं. मग म्या गपच बसते."

माझ्या हातातला लाल पेन वहीवर तसाच राहिला. ते खरं होतं. आई 'इळी' म्हणाली की मी 'विळी' म्हणायचो. नातवंडांसमोर, पाहुण्यांसमोर. वाईट हेतूनं नाही. पण ती गप्प झाली ती वयानं झाली नव्हती, आणि हे मला एका परक्या बाईच्या प्रश्नामुळं, दाराआडून कळलं. मला त्या क्षणी आईजवळ जाऊन बसायला हवं होतं. मी बसलो नाही. मला फक्त एवढंच वाटलं, की ह्या बाईनं माझा परिपाठ नेला, माझी मुलं नेली, आणि आता माझ्या खिडकीपाशी बसून माझी आईसुद्धा नेली.

जिल्ह्याच्या नवोपक्रम स्पर्धेसाठी मॅडमनी त्या चिठ्ठ्यांचं पुस्तक करायचं ठरवलं. सगळ्या चिठ्ठ्या टायपिंगच्या दुकानात दिल्या. सादरीकरणाला चार दिवस असताना त्यांचे वडील पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यांना मुखेडला जावं लागलं. जाताना माझ्याकडं आल्या. "सर, तेवढं प्रूफ बघून द्या ना. माझं ऱ्हस्वदीर्घ कच्चं आहे, तुम्हाला माहितीच आहे. तुमच्या नजरेखालनं गेलं की मला बघायचीबी गरज नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात गेलो. पहिली काही पानं मी प्रामाणिकपणे तपासली. उजवीकडच्या अर्थांतले ऱ्हस्वदीर्घ सुधारले, डावीकडं हात लावला नाही. मग एक पान आलं. त्याच्या डोक्यावर छापलं होतं, 'सांगणारी : आमच्या सरांच्या आई.'

त्या पानावर आईचे चाळीसेक शब्द होते. बरेचसे मला माहीत होते, काही लहानपणानंतर पहिल्यांदा दिसत होते. एक तर मी कधीच ऐकला नव्हता. त्याचा अर्थ असा दिला होता : 'आभाळ भरून आलं म्हणून खळ्यावरचं धान्य झाकायला सगळ्यांनी पळायचं, आणि मग पाऊस येतच नाही, ती पळापळ.' एवढ्या सगळ्याला आईकडं एक शब्द होता. मी तिचा मुलगा, मराठीचा शिक्षक, आणि तो तिनं मॅडमना दिला होता.

मी तो शब्द खोडला आणि त्या जागी लिहिलं, 'धावपळ.'

मग वर गेलो. 'वावर' खोडून 'शेत' केलं. 'इस्तू'चं 'विस्तव.' 'लई'चं 'खूप.' ते पान झाल्यावर पुढचं घेतलं, मग मागची पुन्हा घेतली. संध्याकाळ व्हायच्या आत सगळी डावी बाजू उजव्या बाजूसारखी झाली. पुढं मी सगळ्यांना सांगितलं की तीस वर्षांचा हात आपोआप चालत गेला. हात आपोआप चालला नाही. प्रत्येक शब्दापाशी मी थांबत होतो आणि प्रत्येक वेळी पुन्हा ठरवत होतो.

टायपिंग करणाऱ्या मुलीनं दुरुस्त्या घेताना मान वर केली. "सर, दोन्हीकडं सेमच होऊन राहिलंय की."

"तसंच पाहिजे."

"मॅडमला फोन करून विचारू का?"

"त्या दवाखान्यात आहेत. त्यांना त्रास देऊ नका."

म्हणजे मला थांबवायला एक माणूस उभं राहिलं होतं, हेही किस्सा सांगणाऱ्यांना माहीत नाही. निघताना तिनं विचारलं, "आन् ह्या चिठ्ठ्यांची खोकी?" मी म्हणालो, "टाइप करून झालं ना? मग काय करायच्यात. टाकून द्या."

सादरीकरणाच्या दिवशी मॅडम मुखेडहून थेट सभागृहात आल्या. डोळे जागरणानं सुजलेले. पुस्तकाच्या प्रती मी नेल्या होत्या. स्टेजवर जायच्या आधी त्यांनी वरचं कव्हर तेवढं बघितलं, हात फिरवला. मुलांनी काढलेलं चित्र होतं त्यावर. मुलं मागं बसली होती, धुतलेल्या गणवेशात.

परीक्षकांपैकी एकानं पुस्तक मधेच उघडलं. थोडा वेळ बघत राहिला. मग माइक ओढून घेतला.

"शेत म्हणजे शेत," तो वाचायला लागला. "विस्तव म्हणजे विस्तव. खूप म्हणजे खूप." लोक हसायला लागले तसा तो रंगात आला. "लवकर म्हणजे लवकर. मॅडम, हा शब्दकोश आहे का आरसा?"

सभागृह हसून लोळलं. मॅडमनी त्याच्या हातातून पुस्तक घेतलं, एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग त्यांनी मान वर करून मला शोधलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. मी डोळे मोठे केले, आत्ताच कळल्यासारखा कपाळाला हात लावला. ते सोंग मला चांगलं जमलं.

त्या माइकजवळ जाऊन म्हणाल्या, "चूक माझी आहे, सर. मी बघायला पाहिजे होतं." माझं नाव घेतलं नाही.

मागच्या रांगेत मुलं एकमेकांना विचारत होती, आपले शब्द कुठं गेले. त्या सातवीतल्या मुलीनं पुस्तकात माझ्या आईचं पान काढलं होतं आणि ती ते बोटानं पुन्हा पुन्हा वाचत होती.

बाहेर व्हरांड्यात मी मॅडमना म्हणालो, "सवयीनं झालं हो. माझ्या लक्षातच आलं नाही." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि चक्क हसल्या. "होतं सर. एवढ्या वर्षांचा लाल पेन. जाऊ द्या, चिठ्ठ्या आहेत की. पुन्हा करू."

चार वाजता त्या दुकानात जाऊन आल्या. दुकानात मालक एकटाच होता. खोकी रद्दीत गेली होती, आणि कॉम्प्युटरवरही दुरुस्त केलेलंच उरलं होतं.

मुख्याध्यापकांनी मग परिपाठ पहिल्यासारखा करायला सांगितलं. वरून विचारणा झाली होती म्हणे. मुलांनी शब्द आणायचं बंद केलं. सातवीतली ती मुलगी, जी परिपाठात पुढं येऊन बोलायची, ती आठवीत वर्षभर परिपाठाला मागच्या ओळीत उभी राहिली. परिपाठ माझ्याकडं परत आला. मी जिंकलो होतो. पहिल्या दिवशी सुविचार वाचून वर बघितलं तर मुलं पाय बदलत होती.

आईनं विचारलं, "त्या लेकीचं पुस्तक झालं का रं?"

"झालं."

"माझं बोलणं छापलं त्यात?"

"हो."

"मपलं नाव हाय?"

"आहे," म्हणालो. ते तेवढं खरं होतं. पान तसंच होतं, 'आमच्या सरांच्या आई,' फक्त त्याखाली तिचा एकही शब्द नव्हता. आईला वाचता येत नव्हतं. मी पुस्तक आणून तिच्या मांडीवर ठेवलं, पान काढून दिलं. ती त्यावर हात फिरवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. दोन वर्षांनी ती गेली. ते पुस्तक तिच्या उशाशी होतं.

तिचा तो शब्द मला आठवत नाही. अर्थ पाठ आहे. मी तो खोडताना पाहिला होता, एकदाच. आई होती तोवर तिला विचारायची हिंमत झाली नाही. ती गेल्यावर गावाकडच्या म्हाताऱ्यांना विचारलं, बहिणीला विचारलं. कुणाला सांगता आलं नाही.

मॅडमची पुढं लातूर जिल्ह्यात बदली झाली. आता त्या लातूर शहराच्या कडेला असलेल्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहेत. दर दिवाळीला फोन करतात, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. मागच्या महिन्यात म्हणाल्या, "सर, आमचा परिपाठ बघायला या. पुन्हा चालू केलंय ते." फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, मला लातूरला जायचंय. ती म्हणाली, "एवढं काय अडलंय?"

पहाटेची एसटी धरली. अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. सगळा रस्ता मी वाक्य जुळवत होतो आणि मोडत होतो.

शाळा आमच्या शाळेसारखीच. बाजूला प्लॉट, कॉलम, मधे हरभरा. परिपाठाला एका मुलीनं बातमी सांगितली. तिच्या शेजारणीची शेळी उसाच्या ट्रॉलीत चढून बसली होती. मुलं हसून बेजार. मग मॅडम माझ्याकडं हात करून म्हणाल्या, "हे माझे जुने सर. माझं शुद्धलेखन यांनीच सुधारलंय." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी बसून राहिलो.

ऑफिसात चहा आला. मी म्हणालो, "मॅडम, ते पुस्तक. ते सवयीनं झालं नव्हतं."

त्यांना आधी कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. दाराआडून ऐकलेलं, आईचं पान, ती टायपिंगवाली मुलगी, खोकी. कारणही सांगितलं. तो शब्द जिभेवर यायला वेळ लागला. "मला तुमचा मत्सर वाटायचा."

त्यांनी टेबलावरचं हजेरीपत्रक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "सर, त्या दिवसापासून मी प्रत्येक कागद तीन-तीनदा वाचते. साधा रजेचा अर्ज असला तरी. नवरा हसतो मला. मला वाटायचं, वडलांच्या दुखण्याचं निमित्त करून मी लेकरांचं काम दुसऱ्याच्या अंगावर टाकलं, त्याची शिक्षा मिळाली." आवाज चढला नव्हता. "नऊ वर्षं वाटत होतं मला."

मी माफ करा म्हणालो.

"ते माझं मी बघीन. पण मी एकटी होते का त्यात?" त्यांनी मोबाइल उचलला. त्या सातवीच्या मुलांचा अजून एक ग्रुप होता. एकवीसपैकी सतरा जण त्यात होते. कुणी पुण्यात कंपनीत, कुणी नर्सिंगला, कुणी गवंडीकाम करणारा. त्यांनी आवाज रेकॉर्ड करायचं बटण दाबून मोबाइल माझ्यापुढं धरला. "त्यांना सांगा. तुमच्या तोंडानं."

मी सांगितलं. दोन-तीन मिनिटं लागली असतील. शेवटी म्हणालो, की माझ्या आईचा तो शब्द कुणाला आठवत असला तर मला कळवा, मला आठवत नाही.

मग आम्ही दोघं त्या छोट्या पडद्याकडं बघत बसलो. एकानं ऐकलं, दुसऱ्यानं ऐकलं. पहिला निरोप एका मुलाचा आला, 'मॅडम तुम्ही ठीक आहात ना?' मग दुसरा, 'मॅडम, तुमची काही चूक नव्हती हे आम्ही तेव्हाच म्हणलो होतो.' तिसऱ्यानं लिहिलं, 'मॅडम पुढच्या रविवारी येतो लातूरला, कोण कोण येतंय?' खाली लगेच चार हात वर. मग त्या सातवीतल्या मुलीचा आवाज आला, आता बाईमाणसासारखा झालेला. "मॅडम, शब्द मलाबी न्हाई आठवत. पण त्या आज्जीनं मला गूळ-शेंगदाणे दिल्ते, ते आठवतंय. तुम्ही रडू नका, मॅडम."

मॅडम रडत नव्हत्या. हसत होत्या, आणि डोळे पुसत होत्या.

मला कुणीच काही म्हणालं नाही. शिवी नाही, प्रश्न नाही, माफी नाही. सतरा मुलांनी माझा कबुलीजबाब ऐकला आणि एकही जण माझ्याशी बोलला नाही. सगळे धावले ते त्यांच्याकडं. तेच रास्त होतं. पण हे लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो, की त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला आधी जे वाटलं ती शरम नव्हती. मला वाटलं, ह्यातलं एक तरी वाक्य 'सर' म्हणून सुरू व्हायला हवं होतं.